हाताआडचा दिवा

या पुस्तिकेत चित्र एकच आहे. मुखपृष्ठावर तेच, मधल्या जोडपानावर तेच जरा मोठं, आणि शेवटच्या पानावर त्यातला फक्त हात. पनवेलमध्ये मी बरीच वर्षं मुलांना चित्रकला शिकवते आहे. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटला बसणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं. ‘चित्र बघणं’ असा पेपर मात्र कुठल्याच परीक्षेत नसतो. हात तयार होतो आणि डोळा तसाच राहतो. म्हणून एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी मुलांना रंगपेट्या बंद करायला सांगितल्या आणि भिंतीवर एक चित्र लावलं. त्या दिवशी सुरू झालेलं बोलणं अजून संपलेलं नाही. ही पुस्तिका त्याच बोलण्यातून झाली.

चित्र तुमच्या ओळखीचं असणार. एक तरुण बाई उभी आहे. एका हातात पेटता दिवा आहे आणि दुसरा हात तिने ज्योतीभोवती धरला आहे. उजेड बोटांच्या फटींतून बाहेर पडतो. बोटांच्या कडा तांबूस, जवळजवळ पारदर्शक झाल्या आहेत. तोच उजेड वर जाऊन तिच्या गळ्यावर, हनुवटीवर, गालावर पडतो आणि खाली तिच्या जांभळट साडीच्या चुण्यांत हळूहळू विरतो. मागे भिंत आहे आणि भिंतीवर सावली. देव नाही, देव्हारा नाही, खिडकी नाही, झाड नाही. ती आपल्याकडे बघत नाही. चेहऱ्यावर हसू नाही आणि दुःखही नाही. दिवा न विझता पलीकडे न्यायचा, एवढंच काम तिच्यापुढे आहे आणि तिचं सगळं लक्ष त्या कामात आहे.

चित्र लावल्यावर पहिला प्रश्न एका लहान मुलीने विचारला, “बाई, तिला चटका बसत नाही का?” माझ्या मते या चित्राबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच. ज्योत किती जवळ आहे हे तिला कळलं होतं. दुसऱ्याने विचारलं, “ती कुणाला घाबरलीये का?” ती घाबरलेली नाही, जपते आहे. पण घाबरलेला हात आणि जपणारा हात यांत फरक कसा करायचा, हे त्या मुलाला शब्दांत सांगणं मला जमेना. शेवटी मी वर्गातले दिवे बंद केले, निरांजन लावलं आणि एकेकाला ते घेऊन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. दार उघडंच ठेवलं होतं. तिसऱ्या-चौथ्या पावलाला प्रत्येकाचा मोकळा हात आपोआप पुढे आला, पावलं लहान झाली, मान किंचित झुकली आणि श्वाससुद्धा हलका झाला. मुलं एकदम गप्प झाली. चित्रातली शांतता म्हणतात ती हीच, आणि ती त्यांना स्वतःच्या अंगात सापडली.

ज्यांचं लहानपण कोकणपट्टीत गेलं त्यांना हा हात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या पनवेलच्या जुन्या घरात देवघर आत होतं आणि तुळशीवृंदावन मागच्या अंगणात. मधे पडवी. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटायचा. आजी निरांजन घेऊन निघायची ती अशीच, तळहाताची ओंजळ ज्योतीभोवती धरून. पडवीच्या कोपऱ्यावर वारा हमखास अडवायचा. तिथे ती वाऱ्याकडे पाठ करायची, क्षणभर थांबायची आणि मग पुढे जायची. त्या वेळी तिला हाक मारायची नाही, हा घरातला नियम होता. दिवा विझला तर ‘विझला’ म्हणायचं नाही, हा दुसरा. ‘शांत झाला’ म्हणायचं. आपल्या भाषेत ‘शांत’ हा शब्द दोन्ही कामं करतो. गडबड नसते ते शांत, आणि ज्योत मालवली की तीही शांत. या चित्रात पहिली शांतता आहे ती दुसरी येऊ नये म्हणून. आषाढी अमावास्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडणाऱ्या आणि त्यांची पूजा करणाऱ्या घरांतून आलेली ही बाई आहे. दिवा हातात कसा धरायचा हे तिला चित्रकाराने शिकवलेलं नाही.

चित्रकार होते सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२चा, सावंतवाडीचा. पनवेलच्या माणसाला सावंतवाडी परकी वाटू नये. पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६, ज्याला आपण अजून गोवा रोडच म्हणतो, त्या गावाजवळून जातो आणि कोकण रेल्वेच्या गाड्या पनवेलला थांबून तिकडे जातात. चारशेच्या वर किलोमीटरचा रस्ता, पण तोच पाऊस, तीच कौलं, तशाच पडव्या. सावंतवाडी हे रंगाचं गाव आहे. तिथली चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेली, आणि गंजिफाचे हाताने रंगवलेले गोल पत्ते तिथल्या कारागिरांनी आजपर्यंत टिकवले आहेत. ज्या मुलाच्या गावात माणसं दिवसभर कुंचला चालवत बसलेली दिसतात, त्याला चित्र काढणं हे पोटापाण्याचं काम असू शकतं याचं नवल वाटत नसणार.

हळदणकर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९०८मध्ये त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली, हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट. १९१८मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत ते होते. म्हणजे त्यांच्या आयुष्यातला मोठा भाग शिकवण्यात आणि संस्था उभ्या करण्यात गेला. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण शिक्षकाचा हात वेगळा असतो. रोज पंचवीस-तीस मुलांच्या चुका दुरुस्त करणाऱ्याला रंग कुठे बिघडतो ते नेमकं ठाऊक असतं. ते १९६८मध्ये गेले. त्यांची तैलरंगातली व्यक्तिचित्रं, जलरंगातली निसर्गचित्रं जाणकारांना माहीत आहेत. पण घराघरांत पोचलं ते हे एक चित्र.

त्यांनी ते १९४५-४६च्या सुमारास काढलं, जलरंगात. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. दिवाळीचे दिवस होते, हातात दिवा घेऊन वडिलांनी आपल्याला तासन्‌तास उभं केलं, ही आठवण गीताताईंनी पुढे अनेकांना सांगितली. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या. कोल्हापुरात राहिल्या, आणि ऑक्टोबर २०१८मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी, तिथेच वारल्या. त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी आली आणि चित्र वर्षानुवर्षं भिंतीवर असलेल्या कितीतरी घरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ही बाई खरीच होती, तिला नाव होतं, आणि ती काल-परवापर्यंत आपल्याच कोल्हापुरात हयात होती.

जगातली पुष्कळ प्रसिद्ध स्त्रीचित्रं अशी आहेत की त्यांतली स्त्री कोण हे कुणालाच माहीत नाही. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात योहानेस फरमीरचं मोत्याचा डूल घातलेल्या मुलीचं चित्र आहे, साधारण १६६५चं. १८८१मध्ये ते हेगमध्येच लिलावात अवघ्या दोन गिल्डर आणि तीस सेंटला विकलं गेलं. आज ते पाहायला जगभरातून माणसं येतात. पण मान वळवून बघणारी ती मुलगी कोण, याचं उत्तर कुणापाशी नाही, आणि हळूहळू ते कोडंच त्या चित्राची कीर्ती होऊन बसलं आहे. आपल्या चित्रात असं कोडं नाही. इथे बाप आहे, मुलगी आहे, घर आहे, दिवाळी आहे. कोड्यावाचून हे चित्र जरासुद्धा उणं वाटत नाही, उलट मला ते जास्त जवळचं वाटतं.

घरची माणसं समोर बसवण्याची ही रीत हळदणकरांपुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत पाश्चात्त्य पद्धतीची व्यक्तिचित्रणकला रुजली, तेव्हा चित्रकाराला काम मिळे ते शेठ-सावकारांचं, न्यायाधीशांचं, संस्थानिकांचं. खुर्ची, पगडी, शाल, घड्याळाची साखळी, पुस्तकावर ठेवलेला हात. अशी चित्रं सभागृहांत आणि बंगल्यांत आजही टांगलेली दिसतात. मध्यमवर्गीय घरातली स्त्री परक्या चित्रकारासमोर तासन्‌तास बसणं त्या काळात होण्यासारखं नव्हतं. मग चित्रकार आपल्याच घरात बघू लागले. राजा रविवर्म्यांनी १८९३च्या ‘देअर कम्स पापा’मध्ये आपल्या मुलीला रंगवलं. मुंबईत नाव कमावलेले गोव्याचे आंतोनियो त्रिंदाद यांनी आपली पत्नी फ्लोरा हिला पुन्हा पुन्हा रंगवलं. या चित्रांत एक गोष्ट समान दिसते. समोरची व्यक्ती चित्रकाराला भीत नाही, म्हणून ती ‘बसलेली’ दिसत नाही, ती असते. आमच्या चित्रातली गीताही वडिलांसाठी मुद्दाम उभी आहे हे आपल्याला माहीत असतं, तरी बघताना विसरायला होतं.

मराठी कलेत ही कामात गुंतलेली तरुण स्त्री फार पूर्वीपासून येत राहिली आहे. १८९६मध्ये गणपतराव म्हात्रे जे. जे.मध्ये विद्यार्थी होते. त्यांनी प्लास्टरमध्ये एक मूर्ती घडवली, ‘मंदिरपथगामिनी’. नऊवारी नेसलेली, पूजेला निघालेली मुलगी. तिच्याविषयी रवींद्रनाथ टागोरांनी बंगालीत लेख लिहिला, इतकी ती गाजली. एम. व्ही. धुरंधरांना १८९२मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं बक्षीस मिळालं ते घरकामाच्या चित्राला, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी कोळीण, भाजीवाली, पाण्याला निघालेली, लग्नघरात वावरणारी बाई अशी शेकडो चित्रं केली. धुरंधरांच्या चित्रांत गजबज असते, दागिने वाजतात, ओळखीच्या बायका हसतात. हळदणकरांनी त्याच वस्तीतली एक बाई उचलली आणि भोवतालचं सगळं काढून घेतलं. माझ्या दृष्टीने या चित्राचं मोठेपण या काढून घेण्यात आहे.

आता रंगाविषयी. इथे थोडं थांबते, कारण पुस्तिका मुख्यतः रंग हाताळणाऱ्या मुलांच्या हाती पडणार आहे.

तैलरंगात अंधारावर उजेड ठेवता येतो. काळ्या पृष्ठभागावर पिवळ्या-पांढऱ्याचा जाड फटकारा मारला की ज्योत पेटते. चुकलं तर सुरीने खरवडता येतं, वाळल्यावर वरून पुन्हा रंगवता येतं. पारदर्शक जलरंगात हे चालत नाही. तिथे सगळ्यात उजळ जागा म्हणजे कोरा कागद. जिथे उजेड हवा तिथे रंग लावायचाच नाही, आणि हे आधी ठरवावं लागतं, पहिला वॉश देण्यापूर्वी. एकदा कागद भिजून रंग आत मुरला की तो पूर्ण परत निघत नाही. पुसायला गेलं की कागदाची लव उठते आणि तिथे डाग पडतो. म्हणून जलरंगात रात्रीचं चित्र काढणं फार अवघड. आजूबाजूला गडद काळोख हवा, म्हणजे एकावर एक कितीतरी थर. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. आणि त्या सगळ्या थरांच्या मधोमध बोटाएवढी जागा शेवटपर्यंत कोरडी, स्वच्छ ठेवायची. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कागद तासभर वाळत नाही. पनवेलच्या पावसाळ्यात वर्गात वॉश शिकवताना मुलं कंटाळतात, ओल्यावरच दुसरा रंग टाकतात आणि सगळं मळून जातं. त्या वेळी मी त्यांना हा अंधार दाखवते. यातला काळा कुठेच मळलेला नाही. त्यात निळा आहे, जांभळा आहे, तपकिरी आहे, आणि त्याच्या आत भिंत अजून दिसते.

बोटांकडे बघा. हात दिव्यासमोर धरला की बोटं तांबडी दिसतात ती रक्तामुळे. प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्त शोषून घेतं आणि तांबडा भाग आरपार येतो. हा तांबडा रंग बोटाच्या मध्यावर कमी दिसतो आणि कडांवर व फटींत जास्त, कारण तिथे मांस पातळ. हळदणकरांनी हे बघून रंगवलं आहे, अंदाजाने नाही. बोटांच्या कडांवर त्यांनी उष्ण रंगाची पातळ रेघ ठेवली आहे आणि आतल्या बाजूला ती लगेच विझवली आहे. चेहऱ्यावर पडलेला उजेड खालून वर गेलेला आहे, म्हणून भुवयांच्या वर तो कमी होतो. नेहमी वरून येणाऱ्या उजेडात बघितलेला चेहरा खालून उजळला की भयंकर दिसतो, मुलं बॅटरी हनुवटीखाली धरून एकमेकांना घाबरवतात ती त्याचमुळे. इथे तसं होत नाही. ज्योत बोटांआड असल्याने उजेड मऊ होऊन चेहऱ्यापर्यंत येतो. हात दिव्याला वाऱ्यापासून जपतो आणि चेहऱ्याला दिव्यापासूनही जपतो. चित्रकलेच्या दृष्टीने त्या एका हाताने दोन कामं केली आहेत.

हीच युक्ती जगात दुसरीकडे कुणी केली होती का, असं विचारणाऱ्या मोठ्या मुलांना मी फ्रान्समधल्या जॉर्ज द ला तूरचं चित्र दाखवते. साधारण १६४२चं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं. सुतारकाम करणारा म्हातारा जोसेफ वाकून लाकडाला भोक पाडतो आहे आणि बाल येशू त्याला मेणबत्तीचा उजेड देतो आहे. पोराने ज्योतीसमोर हात धरला आहे आणि त्याचीही बोटं आतून उजळली आहेत. तीनशे वर्षांचं आणि दोन समुद्रांचं अंतर, पण हात तोच. एकाने दुसऱ्याचं बघून केलं असं मी म्हणत नाही. दिवा जपणाऱ्या माणसाकडे नीट बघणाऱ्या दोघांना एकच गोष्ट दिसली, एवढंच मला यात दिसतं.

ला तूरची आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मृत्यूनंतर त्याचं नाव लोक विसरले. त्याची चित्रं भिंतींवर होती, लोक बघत होते, पण ती दुसऱ्याच चित्रकारांच्या नावावर जमा होती. १९१५मध्ये हेरमान फोस नावाच्या जर्मन अभ्यासकाने काही चित्रं त्याची म्हणून ओळखली आणि तिथून पुढे एकेक चित्र आपल्या मालकाकडे परत आलं. अडीचशेहून अधिक वर्षं लागली.

हळदणकरांच्या या चित्राचं आपण हेच केलं आहे आणि अजून करतो आहोत. हे चित्र सर्रास राजा रविवर्म्यांचं म्हणून सांगितलं जातं. तसं छापून विकलं जातं, तसं घरांत टांगलेलं असतं. माझ्या आजीच्या खोलीतल्या फ्रेमखालीही बारीक अक्षरांत रविवर्म्यांचंच नाव होतं आणि जे. जे.मध्ये शिकायला जाईपर्यंत मीही ते खरं धरून चालले होते. रविवर्मा १९०६मध्ये गेले. हे चित्र त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी झालं. रविवर्म्यांची ख्याती तैलरंगाची, हे जलरंगात आहे. एवढ्या दोन गोष्टी पुरे होत्या. पण नाव एकदा चिकटलं की कुणी तपासत नाही.

ही चूक का झाली असावी ते मला समजतं. रविवर्म्यांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे १८९९मध्ये तो घाटावर मळवलीला गेला. तिथून निघालेल्या रंगीत छापील चित्रांनी मराठी घरांच्या भिंती भरल्या. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला. सुंदर साडीतली, मोठ्या डोळ्यांची, शांत चेहऱ्याची बाई म्हणजे रविवर्मा असं समीकरणच आपल्या मनात बसलं. त्या चित्रांचं ऋण मी मानते, त्यांच्यामुळेच आमच्या आज्या-पणज्यांना घरात चित्र लावायची सवय लागली. पण या दोन चित्रकारांच्या स्त्रियांत फरक आहे, तो नजरेला यायला हवा. रविवर्म्यांची शकुंतला पायातला काटा काढते तेव्हाही कुणाकडे तरी बघत असते, तिची एक गोष्ट चालू असते आणि ती गोष्ट आपल्याला आधीपासून ठाऊक असते. गीताच्या चित्राला गोष्ट नाही. ती कुठून आली, कुठे चालली, कोण वाट बघतंय, काही सांगितलेलं नाही. पुराणाचा आधार न घेता, नुसत्या एका घरगुती कृतीवर हळदणकरांनी अख्खं चित्र तोलून धरलं. हे धाडस त्यांचं आहे आणि त्याचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाणं मला अन्यायाचं वाटतं.

नावाचा आणखी एक घोळ आहे, जरा नाजूक. हे चित्र ‘ग्लो ऑफ होप’ म्हणून प्रसिद्ध आहे. आशेचा उजेड. नाव वाईट नाही, पण ते चित्राआधी बोलतं. मुलांना हे नाव आधी सांगितलं की ती लगेच आशा, उद्याची सकाळ, अंधारातून प्रकाशाकडे अशी निबंधातली वाक्यं बोलू लागतात आणि बोटांकडे बघायची राहतात. म्हणून या पुस्तिकेत चित्राखाली मी ते नाव छापलेलं नाही. आधी हात बघावा, मग सावली बघावी, मग साडीची कड कुठे हरवते ते शोधावं. त्यानंतर ज्याला आशा दिसेल त्याला ती दिसो.

मूळ चित्र म्हैसूरला आहे, जगन्मोहन राजवाड्यात. हा राजवाडा १८६१चा. १९१५मध्ये तिथे चित्रसंग्रह मांडला गेला, आणि आज तो श्री जयचामराजेंद्र कलादालन म्हणून ओळखला जातो. तिथे हे चित्र काळोख्या जागेत ठेवलेलं आहे. काळोखात उभं राहून बघितलं की कागदामागे खरंच कुणी दिवा लावला आहे असा भास होतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाकून फ्रेमची कड बघितली, इतका तो भास खरा होता. आणि काळोख भासासाठीच नाही, चित्राच्या तब्येतीसाठीही बरा. जलरंग उजेडाने उडतात. जगभरची संग्रहालयं कागदावरच्या जलरंगांना साधारण पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड देत नाहीत, म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडापेक्षाही कितीतरी कमी. दिव्याचं चित्र अंधारातच टिकतं.

छापील प्रतीत हे सगळं उतरत नाही, हे आधीच सांगून टाकते. छापताना जांभळा निळा होतो, तांबडा नारिंगी होतो, आणि सगळ्यात मोठं नुकसान काळोखाचं होतं, तो सपाट काळा होऊन बसतो. या पुस्तिकेसाठी आम्ही तीनदा नमुने काढून बघितले. तिसऱ्यात भिंत थोडी दिसते. बोटांच्या कडा मात्र अजूनही मूळ चित्रातल्यासारख्या नाहीत. म्हणून ही पुस्तिका चित्राच्या जागी धरू नका. ती म्हैसूरपर्यंतच्या प्रवासाची तयारी आहे. दिवाळीच्या सुट्टीत बेंगळुरू-म्हैसूरला जाणारी पुष्कळ कुटुंबं आपल्याकडे आहेत. राजवाड्याची रोषणाई सगळेच बघतात. जगन्मोहनमधल्या या एका काळोख्या कोपऱ्यासाठी अर्धा तास वेगळा काढा, आणि मुलांना तिथे घाई करू नका.

शिक्षकांना एक विनंती. हे चित्र वर्गात कॉपी करायला देऊ नका. त्याऐवजी मुलांना घरी कुणाला तरी दिवा घेऊन उभं करू द्या, आईला, आजीला, भावाला, आणि त्या हाताचं स्केच करू द्या. चुकेल, बोटं जाड होतील, ज्योत ढगासारखी दिसेल. तरी त्या रात्री ते मूल एका माणसाकडे वीस मिनिटं सलग बघेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आपल्या आजीचा हात काढून आणला होता, संधिवाताने वाकडी झालेली बोटं, त्यांतून येणारा पिवळा. रंग मळला होता. मी त्या चित्राला हात लावला नाही.

आणि घरोघरच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या भिंतीवर, काकांकडे, मामांकडे, एखाद्या जुन्या दवाखान्यात किंवा हॉटेलात ही दिवा घेतलेली बाई टांगलेली असेल, तर जवळ जाऊन खाली छापलेलं नाव वाचा. राजा रविवर्मा लिहिलेलं असलं, तर फ्रेम उतरवून मागे एक चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर लिहा: चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी. समोर उभी त्यांची मुलगी गीता.